गाडी ऑफ-रोडला न्यायचीय? मॉडिफिकेशनवर खर्च करण्याआधी हे वाचा

पावसाळा तोंडावर आला की थार, बोलेरो कॅम्पर, व्ही-क्रॉस अशा गाड्या गॅरेजला लागतात. लिफ्ट किट, स्नॉर्कल, एलईडी बार असा खर्च बघता बघता लाखावर जातो. त्याआधी एकच बघा : मागच्या वर्षभरात गाडी नेमकी कुठं अडली? चाक घसरलं, पोट टेकलं की पाण्यात बंद पडली?

बहुतेक वेळा अडचण टायरची असते. गुळगुळीत झालेला टायर फोर-बाय-फोरलाही चिखलातून काढत नाही. निम्मं डांबर, निम्मी पाणंद असा वापर असेल तर ऑल-टेरेन टायर पुरतो. मड टायर डांबरावर आवाज करतो, डिझेलही जास्त खातो. खडीवर, वाळूत किंवा मऊ मातीत रिकाम्या गाडीची हवा 18-20 पीएसआयपर्यंत कमी केली की पकड लगेच वाढते. मात्र वेग कमी ठेवायचा आणि डांबरावर येताच हवा भरायची. म्हणून छोटा पंप गाडीतच हवा. ओल्या काळ्या रानाची गोष्ट वेगळी. तिथं नक्षीत चिकटलेली माती कुठलाच टायर पटकन सोडत नाही. वाफसा येईपर्यंत थांबलेलं बरं.

दुसरा खर्च ओढून काढायच्या सामानाचा. चेसीला पक्के बसवलेले हूक पुढं-मागं, चांगला पट्टा, दोन शॅकल, फावडं. बंपरला दोर बांधून ट्रॅक्टरनं झटका दिला की बंपर तर जातोच, सुटलेला तुकडा माणसालाही लागतो. एकट्यानं डोंगरात फिरणाऱ्यालाच विंच उपयोगी. घ्यायचाच तर त्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या 1.5 पट तरी हवी.

दगडावर ऑईल चेंबर आपटत असेल तर खाली जाड प्लेट लावा, पैसे वसूल होतात.

लिफ्ट किटबद्दल गैरसमज फार. त्यानं बॉडी उंच होते, पण डिफरन्शियल आहे तिथंच राहतो. तो फक्त मोठ्या टायरनं वर जातो. आणि मोठ्या टायरनं क्लच-ब्रेकवर ताण येतो, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. उंच गाडी वळणावर झुकते ते वेगळंच.

स्नॉर्कलही तसाच. नव्या थारची पाण्यात जायची मर्यादा कंपनीच 650 मिमी, म्हणजे सुमारे दोन फूट सांगते. स्नॉर्कल इंजिनात पाणी जाणं टाळतो, वायरिंग आणि गिअरबॉक्स वाचवत नाही. वाहत्या फरशी पुलावर तर त्याचा काहीच उपयोग नाही, गाडी वाहून जाते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. कलम 182अ प्रमाणे प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी बुल बारवर कारवाई करा, असं केंद्रानं 2017 मध्येच राज्यांना कळवलंय. न कळवलेल्या बदलामुळं विमा कंपनी क्लेमही अडवू शकते. त्यामुळं काही बसवण्याआधी आरटीओत आणि विमा एजंटकडं विचारून घ्या, उत्तर शक्यतो लेखी घ्या.