मानसशास्त्रीय करार आणि संघटनांतर्गत लोकशाही

संघटना आणि तिचा सदस्य यांच्यातील अलिखित परस्पर अपेक्षांना मानसशास्त्रीय करार म्हणतात, तर सर्वांनी संमतीने स्वीकारलेल्या सामायिक बंधनांना सामाजिक करार म्हणतात. संघटनांतर्गत लोकशाहीला मतदानाच्या नियमांइतकाच या दोन करारांचा आधार लागतो.

संकल्पना

सामाजिक कराराचा विचार थॉमस हॉब्स, जॉन लॉक आणि ज्याँ-जाक रूसो यांनी मांडला. रूसो यांचा या विषयावरील ग्रंथ १७६२ साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रीय कराराची कल्पना ख्रिस अर्जिरिस यांनी १९६० मध्ये कारखान्यातील मुकादम व कामगार यांच्या संबंधांवरून मांडली. १९८९ मध्ये डेनिस रूसो यांनी तिला व्यक्तीच्या मनातील परस्पर बांधिलकीची समजूत असा अर्थ दिला.

रापण

विजयदुर्ग ते रेडी या सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवरील रापण ही पारंपरिक सामूहिक मासेमारी या करारांचे उदाहरण ठरते. होडीतून अर्धवर्तुळाकार टाकलेल्या लांब जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून अनेक जण मिळून ओढतात. मासळीच्या विक्रीतून जाळे व होडी यांचा हिस्सा काढून उरलेल्या रकमेचे वाटे होतात. वाट्यांचे प्रमाण ठिकाणानुसार बदलते. वाटणीचा नियम हा सामाजिक करार होय. आज जाळे रिकामे आले तरी उद्याचा वाटा न्यायाने मिळेल, हा दोर ओढणाऱ्याचा विश्वास म्हणजे मानसशास्त्रीय करार.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सदस्याचे भाग कितीही असले तरी त्याला एकच मत असते. मच्छीमार सहकारी संस्थांनाही हे तत्त्व लागू आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेले अनुच्छेद ४३-ख सहकारी संस्थांच्या लोकशाही नियंत्रणाचा पुरस्कार करते.

कराराचा भंग

अलिखित करार बाहेरच्या घटकावर बंधनकारक नसतो. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत मासेमारी करू लागल्यावर गोव्यातील रापणकरांनी आंदोलन केले. त्यानंतर गोव्यात १९८० चा, तर महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. संघटनेच्या आत मात्र हिशेब लपवला गेला किंवा निर्णय मोजक्यांनीच घेतले, तर मताचा अधिकार कायम राहूनही सदस्य सभेकडे पाठ फिरवतात आणि लोकशाही कागदावरच उरते. म्हणून खुला हिशेब, नियमित सर्वसाधारण सभा आणि तक्रारीची दखल ही करार टिकवण्याची प्रमुख साधने मानली जातात.