काळा रविवार आणि त्यानंतरची पत्रं

चोरून टीव्ही पाहण्याचा इतिहास आजच्या स्ट्रीमिंगपेक्षा बराच जुना आहे. त्यातलं अमेरिकेतलं एकच प्रकरण आज पाहू.

डायरेक्टीव्ही ही उपग्रहावरून चालणारी टीव्ही सेवा १९९४ मध्ये सुरू झाली. ग्राहकाच्या बॉक्समध्ये एक स्मार्ट कार्ड असे आणि कोणती वाहिनी उघडायची ते हे कार्ड ठरवी. थोड्याच काळात कार्डात फेरफार करून सगळ्या वाहिन्या फुकट दाखवणारा धंदा उभा राहिला. कंपनी उपग्रहावरून अशी कार्डं बंद पाडी, की हे लोक लगेच त्यावर तोड काढत.

मग कंपनीने वरकरणी निरुपयोगी वाटणारे संगणकीय संकेत तुकड्यातुकड्यांनी पाठवले. २१ जानेवारी २००१ रोजी, म्हणजे सुपर बोलच्या सामन्याआधी बरोबर आठवडाभर, त्या तुकड्यांचा एकत्रित वापर झाला आणि बनावट कार्डं कायमची निकामी झाली. हाच तो 'काळा रविवार'.

पण खरी किंमत पुढे मोजावी लागली. कार्डाची यंत्रं विकणाऱ्यांवर छापे पडले आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या याद्या कंपनीच्या हाती आल्या. मग पत्रं निघाली, लाखाहून अधिक! मागणी साधारण ३,५०० डॉलरची. खटला हरलात तर कायद्यानुसार भरपाई १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकत होती. लढायचं तर वकिलाची फीच मागणीपेक्षा जास्त, म्हणून अनेकांनी मुकाट पैसे भरले. यात ते यंत्र संगणकाच्या सरळ कामासाठी घेतलेले लोकही सापडले. अखेर २००४ मध्ये, निव्वळ यंत्र बाळगल्याबद्दल खटले भरणार नाही, असं कंपनीने मान्य केलं.

आता कार्ड गेलं, ॲप आलं. ब्रिटनमध्ये 'फ्लॉलेस' ही ५० हजारांहून अधिक ग्राहकांची चोरटी सेवा चालवणाऱ्या पाच जणांना २०२३ मध्ये मिळून ३० वर्षांहून अधिक कैद झाली. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड आहे.

विकणारा पकडला जातो तेव्हा त्याची वहीही पकडली जाते. २००१ च्या त्या वहीत नाव आणि पत्ता होता. आज स्वस्त वर्गणी भरताना आपण त्याच्या हाती बँक कार्डाचा नंबरही देतो, तोही अशा माणसाला, ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची सोय नाही.