उपरी

"आपलं मूळ गाव कोणतं?" असं घरातल्या कुण्या नातवंडानं विचारलं की आमच्याकडे तीन उत्तरं मिळतात. माझा भाऊ वाळवा तालुक्यातल्या आमच्या कृष्णाकाठच्या गावाचं नाव सांगतो. थोरली आत्या होती तोवर ती "आपण माणदेशातले" म्हणायची. आणि एक चुलतभाऊ आहे, तो आम्हाला थेट राजस्थानात नेऊन पोचवतो. हे तिसरं उत्तर देणारं माणूस आपल्याकडे बहुतेक घरात एक तरी असतंच, त्यामुळे ते बाजूला ठेवू. उरलेल्या दोन उत्तरांचा माग मी निवृत्तीनंतर सवडीनं काढला. जे हाती लागलं ते आपल्या घरच्या मंडळींसाठी इथे लिहून ठेवते. इतरांना निदान शोधायची रीत तरी उपयोगी पडेल.

याला निमित्त झालं ते माझ्या भाचीचं पत्र. ती अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहते. तिचे शेजारी जर्मन वंशाचे शेतकरी. त्यांच्या दिवाणखान्यात म्हणे वंशवृक्ष फ्रेम करून लावलाय. जर्मनीतलं गाव, तिथल्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद, जहाजाच्या यादीतलं नाव, मग अमेरिकेच्या दर दहा वर्षांच्या जनगणनेत कुटुंबातली माणसं, सगळं ओळीनं. "मावशी, आपल्याकडे असं काही सापडेल का?" असं तिनं विचारलं होतं.

आता आपल्याकडे माणूस जहाजातून उतरला नाही, तो चालत आला. चालत येणाऱ्याची यादी कोण करणार? आणि आपली जनगणना १८७२ पासून होत असली तरी घरोघरचे तक्ते काही आपल्याला बघायला मिळत नाहीत. तेव्हा वेगळ्या वाटांनी जावं लागतं.

पहिली वाट देवाची. आमचं कुलदैवत म्हसवडचा सिद्धनाथ. मार्गशीर्षात रथाला माणसं जायची, लग्न झालं की जोडपं तिकडं पाया पडायला जायचं. पण आमच्या गावातल्या जुन्या घरांची कुलदैवतं वेगळी आहेत. बरीच जण पालीच्या खंडोबाची. मग नदीकाठच्या गावात राहून आमचाच देव तेवढा साठ-सत्तर मैलांवर कोरड्या मुलखात कसा? गाव सुटतं, भाषा बदलते, पण कुलदैवत सहसा सुटत नाही. घराण्याचा माग काढायचा असेल तर मी सगळ्यांना हेच सांगते, आधी देव कुठला ते विचारा.

दुसरी वाट हेळव्याची. नव्या पिढीला हेळवी माहीत नसेल. दर काही वर्षांनी बैल घेऊन दारात येणारा, आपल्या पिढ्या वाचून दाखवणारा माणूस. कन्नडमध्ये 'हेळु' म्हणजे सांगणं आणि 'हेळव' म्हणजे पांगळा. नाव नक्की कशावरून पडलं यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव या पट्ट्यात यांची घरं वाटून घेतलेली असतात. ते येऊन नव्यानं जन्मलेल्या मुलांची नावं चोपड्यात चढवतात आणि धान्य, कपडा, जमलं तर एखादं जनावर घेऊन पुढच्या घरी जातात. आमचा हेळवी शेवटचा आला तेव्हा मी मुद्दाम गावी गेले. त्यानं सात पिढ्या वाचल्या. चौथ्या पिढीपाशी थांबून म्हणाला, "इथं दुष्काळात गाव सोडला. कृष्णंच्या काठाला गेला." गावाचं नावही सांगितलं, म्हसवडजवळचं. साल मात्र नव्हतं. हेळव्याच्या चोपड्यात पिढ्या असतात, सनावळ्या नसतात.

(त्याच्या चोपड्यात माझ्या भावांची नावं आहेत. माझं नाही. मुलींची लिहीत नाहीत. याचा उल्लेख पुढे येईल.)

आता दुष्काळ कोणता? माणदेशाला दुष्काळ नवा नाही. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, मग लगेच १८९९-१९०० चा. खापरपणजोबा यांतल्या कोणत्या दुष्काळात निघाले?

इथे माझा मास्तरकीचा धंदा उपयोगी पडला. शाळेचं जनरल रजिस्टर हा फार प्रामाणिक दस्तऐवज असतो. गावच्या जुन्या शाळेत हेडमास्तरांच्या परवानगीनं कपाट उघडलं. कसर लागलेल्या एका रजिस्टरात आजोबांचे थोरले भाऊ सापडले. १८९४ साली नाव दाखल, वय सहा. म्हणजे १८९६ च्या आधीच घर इथे नांदत होतं. तेव्हा मोठा दुष्काळ म्हणजे १८७६ चाच. दोन वर्षांनी नाव कमी केलेलं, कारण लिहिलंय, 'गुरांकडे'.

पण खरी गंमत जन्मठिकाणाच्या रकान्यात होती. तिथे आमचं गाव नव्हतं, माण तालुक्यातलं एक गाव होतं. पहिलं बाळंतपण माहेरी! म्हणजे आमची पणजी माणदेशातली. इथे येऊन दहा-अकरा वर्षं झाली तरी सोयरीक तिकडचीच होत होती. मग मी घरातल्या सगळ्या सुनांची माहेरं काढली. पणजी माणची, थोरली चुलत आजी आटपाडीकडची, आजी तासगावची आणि आई दोन कोसांवरच्या नदीकाठच्या गावची. एकेका पिढीला माहेर नदीकडे सरकत आलंय. घराणं नव्या गावात कधी रुजलं हे यावरून कळतं, कारण गाव तुम्हाला आपलं मानतं तेव्हाच मुलगी देतं. ज्या बायकांची नावं चोपड्यात लिहिलीच नाहीत, त्यांच्यामुळेच हा रस्ता मला दिसला.

ते इकडेच का आले? कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा घालून १८६० च्या दशकात कालव्याचं काम झालं होतं. कराड, वाळवा, तासगाव भागात त्या कालव्याचं पाणी. जिथे पाणी तिथे काम. म्हसवडजवळ राजेवाडीच्या तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं, तिथे खडी फोडायला पुष्कळ लोक गेले. आमचे खापरपणजोबा नदीकडे आले. आत्या सांगायची, दोन बैलांतला एक वाटेत गेला.

अशा माणसाला जुन्या काळी 'उपरी' म्हणत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, ती त्याला विकता येई, गावकीत त्याला मान. उपरी म्हणजे बाहेरून येऊन ठरलेल्या मुदतीच्या कौलानं जमीन कसणारा. एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात हे दोन वर्ग नोंदवले आहेत. १८४८ ला सातारचं राज्य खालसा झालं, पुढे इंग्रजी सर्व्हे आला आणि सारा भरणारा तो खातेदार असं ठरलं. कागदावरून उपरी गेला. पण १८७७ ला जो आला त्याच्यासाठी खातं शिल्लक नव्हतं, तो दुसऱ्याच्या खात्यावरचा कूळ झाला. शब्द बदलला, एवढंच.

आणि म्हणून कागदात आम्ही नाही. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफार साधारण त्यानंतरचे मिळतात. मी तलाठ्याकडून आणि तहसिलातून जुने फेरफार काढले. जमीनदाराच्या घरच्या वारशाच्या, गहाणाच्या, वाटणीच्या सगळ्या नोंदी आहेत. जमीन नांगरणारा कुठेच नाही. आजोबांचं नाव पहिल्यांदा दिसतं ते कूळकायदा १९४८ ला आल्यावर, तेही सातबाराच्या इतर हक्कात. मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कायद्यानं कूळ मालक मानला गेला. आकाराच्या वीस ते दोनशे पट या मर्यादेत किंमत ठरवायची आणि ती हप्त्यांनी भरायची. आमची तीन एकर बारा गुंठे. ३२-म चं प्रमाणपत्र वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं, ते मी लॅमिनेट न करता सुती कापडात ठेवलंय. (लॅमिनेशननं जुना कागद खराब होतो, कृपया कुणी करू नका.)

भाचीला मी हिशेब लिहून पाठवला. तिच्या शेजाऱ्यांच्या पूर्वजांसारख्यांना १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं राहून जमीन कसली की १६० एकर मिळत. ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली होती, हेही खरं. आमच्या घराला तीन एकरांसाठी ऐंशी वर्षं लागली.

शोध घेणाऱ्यांसाठी एक सूचना. आजचा सांगली जिल्हा १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० ला त्याला सांगली नाव मिळालं. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके त्याआधी सातारा जिल्ह्यात. तेव्हा जुना कागद सांगलीत मिळाला नाही तर निराश होऊ नका, साताऱ्याला जा. सातारच्या महाराजांचं दफ्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे. मोडी मात्र यायला हवी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा ठिकठिकाणचे रुमाल सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. दाखल्यासाठी का होईना, लोकांनी आपल्या पणजोबांची नावं पहिल्यांदा वाचली.

आता जे सांगायचं होतं ते. चांदोलीच्या धरणात वारणा खोऱ्यातली गावं गेली. त्या आधी कोयनेत गेली, तेव्हा तर पुनर्वसनाचा कायदाही नव्हता, तो १९७६ ला आला. लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांची जमीन संपादून विस्थापितांना द्यायची, असं त्यात होतं. त्याचा राग गावोगावी होता आणि तो वसाहतीतल्या लोकांवर निघायचा. माझ्या वर्गात वसाहतीतली मुलं होती. हजेरी घेताना इतर मुलं त्यांना आडनावानं नाही, 'धरणग्रस्त' म्हणून हाका मारत. पालकसभेत एक गृहस्थ म्हणाले होते, "ही उपरी माणसं, यांना गावाची रीत काय ठाऊक?" मी आता बघते तर त्या गृहस्थांचंही कुलदैवत सिद्धनाथच!

सातारा जिल्ह्यातल्याच लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या १९८० च्या आत्मकथनानं हा शब्द सगळ्या महाराष्ट्राला ऐकवला. कैकाडी समाजाला तर रुजायला गावच नव्हतं. त्यांच्यापुढे आमची गोष्ट सुखाचीच म्हणायची. आमचं मूळ गाव निदान जागेवर आहे. मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आले, पडक्या वाड्याचा चौथरा एका म्हाताऱ्यानं दाखवला. वसाहतीतल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून ज्या गावाचं नाव आहे, ते गाव पाण्याखाली आहे. त्यांच्या नातवंडांनी "मूळ गाव कोणतं" विचारलं तर दाखवायला चौथराही नाही. त्यांतले दोघे-तिघे अजून भेटतात. आजी-आजोबांकडून गावाचं, वाडीचं, देवाचं नाव आत्ताच लिहून घ्या असं मी त्यांना सांगितलंय. एकानं वहीच घातलीय.

असो. घरच्या मंडळींना एक विनंती. आपापल्या आजी, पणजी, आत्या यांची माहेरची नावं आणि गावं मला कळवा. मुलींची नावं घालून मी नवा वंशवृक्ष करतेय. हेळवी पुन्हा आला की त्याच्यापुढे ठेवीन. तो चोपड्यात घेईल की नाही ते बघू, पण आपल्याकडे तरी ती नावं राहतील.