फक्त भारतात विक्रीसाठी

इंजिनिअरिंग किंवा मेडिकलची परदेशी पुस्तकं ज्यांनी वापरली आहेत, त्यांना आतल्या पानावरची ती ओळ आठवत असेल. 'ही आवृत्ती फक्त भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इथेच विकता येईल' अशा अर्थाची. किंमत अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी कमी. गरीब देशांवर केलेली मेहेरबानी, असं आपल्याला वाटतं. या ओळीचा इतिहास वाचला आणि माझं मत बदललं.

लाइपझिगच्या टाउखनिट्झने १८४१ पासून इंग्रजी पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या. युरोपात फिरणाऱ्या इंग्रजांनी त्या खुशाल वाचाव्यात, पण मायदेशी नेऊ नयेत अशी अट. कारण तिकडे तीन भागांच्या कादंबरीची किंमत होती साडेएकतीस शिलिंग! बहुतेक लोक ती वर्गणीच्या वाचनालयातून आणूनच वाचत. अशा बाजारात स्वस्त प्रत शिरली तर सगळाच डोलारा कोसळायचा.

१८८६ मध्ये मॅकमिलनने 'कलोनियल लायब्ररी' सुरू केली. पुस्तक तेच, किंमत कमी, आणि विक्री फक्त हिंदुस्थान व वसाहतींत. महाग पुस्तक इथे खपणार नाही आणि स्वस्त पुस्तक तिथे परत जाता कामा नये, असा हा दुहेरी हिशोब. त्यात मेहेरबानी कुठे आली?

गंमत म्हणजे १९४७ साली, आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, ब्रिटिश प्रकाशकांनी आपसात करार करून जुन्या साम्राज्याचे देश पुस्तकांपुरते आपल्याच वाट्याला ठेवले. अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरोधी खटला भरल्यावर १९७६ मध्ये तो मोडला. तरी वाटणीची सवय गेली नाही. १९८४ मध्ये पेंग्विनने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि अमेरिकन आवृत्त्या भारतात आणून विकणाऱ्या वितरकाला मनाई झाली. म्हणजे ही भिंत दोन्ही बाजूंनी आहे बरं का! आपली पुस्तकं बाहेर जायची नाहीत, आणि बाहेरची आत यायची नाहीत. अशी आयात खुली करणारं कलम २०१० च्या दुरुस्ती विधेयकात होतं, पण २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ते गळलेलं होतं.

भिंतीला भगदाड पाडलं ते एका थाई विद्यार्थ्याने. सुपाप कर्टसेंग अमेरिकेत शिकत होता. घरचे थायलंडमधून तिथली स्वस्त पुस्तकं पाठवायचे आणि हा ती अमेरिकेत विकायचा. वायली प्रकाशनाने खटला भरला, खालच्या कोर्टात सहा लाख डॉलर्स भरपाई ठरली. पण २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल फिरवला. रीतसर विकत घेतलेलं पुस्तक घेणाऱ्याचं, मग ते कुठल्याही देशात छापलेलं असो.

अमेरिकेत शिकायला जाताना बॅगेत इथली पुस्तकं कोंबून नेणारे आपल्यातही आहेतच. त्यांना हा निकाल वाचून बरं वाटेल. पण ई-बुक आलं आणि ती ओळ छापायची गरजच उरली नाही. 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं पडद्यावर येतं आणि विषय संपतो. कागदी पुस्तक निदान कुणाच्या तरी बॅगेतून यायचं. ई-बुक कुणाच्या बॅगेत घालणार?