भंगारातून शर्यतीकडे : हौशी मोटार-शर्यतींची दुसरी बाजू

१/ भारतातील मोटार-शर्यतींचा इतिहास बहुधा राजेरजवाड्यांच्या किमती गाड्यांभोवती रचला जातो. परंतु गंजलेली, मोडीत निघालेली गाडी तुटपुंज्या पैशांत पुन्हा उभी करून शर्यतीत उतरवणाऱ्यांचाही एक इतिहास आहे. हा धागा त्यांच्याविषयी. 🧵

२/ आरंभ इंग्लंडपासून करू. १९२२ साली तेथे ‘ऑस्टिन सेव्हन’ ही छोटी, स्वस्त मोटार आली. १९३९पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या. साहजिकच पुढे जुन्या ऑस्टिन कवडीमोलाने मिळू लागल्या आणि सुट्या भागांचीही ददात राहिली नाही.

३/ १९४८मध्ये कॉलिन चॅपमन या तरुणाने अशीच एक जुनी ऑस्टिन घेऊन लंडनमधील छोट्या गॅरेजात पहिली ‘लोटस’ घडवली. तिकडे न्यूझीलंडमध्ये लेस मॅक्लारेन यांनी १९२९ची ‘ऑस्टिन अल्स्टर’ ही स्पोर्ट्स कार सुट्या तुकड्यांच्या अवस्थेत घेतली व जोडली. १९५२मध्ये त्यांचा मुलगा ब्रूस याने तीच चालवून पहिली स्पर्धा केली. पुढे फॉर्म्युला वनमध्ये गाजलेल्या दोन संघांची मुळे अशी भंगारात आहेत.

४/ आता महाराष्ट्राकडे वळू. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ‘प्रीमिअर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली. कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी स्पोर्ट्स कार सामान्य हौशी चालकाच्या आवाक्याबाहेर गेली. त्याच्या हाती उरल्या फिॲट, अँबेसेडर आणि स्टँडर्ड हेरल्ड.

५/ कुर्ल्याची ‘फिॲट ११०० डिलाइट’ १९६४ची. तीच पुढे ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. १०८९ घनसेंमीचे इंजिन आणि तोच साचा दशकानुदशके चालला. ग्राहकाच्या दृष्टीने ही कुंठितावस्था होती. हौशी शर्यतपटूच्या मात्र पथ्यावर पडली. एका गाडीचा भाग दुसरीला बसे, आणि हे इंजिन न उघडलेला मिस्त्री मुंबईत विरळाच.

६/ गाडी वेगवान कशी होई? आधी वजन घटवायचे : मागची आसने, अस्तर, बंपर काढून टाकायचे. मग इंजिनाचे हेड लेथवाल्याकडून तासून घ्यायचे. ज्वलनकक्ष लहान झाला की मिश्रणावरील दाब वाढतो आणि तेवढ्याच पेट्रोलातून अधिक ताकद मिळते. पण हेड प्रमाणाबाहेर तासले, तर इंजिन ‘नॉकिंग’ करू लागते आणि पिस्टन फुटण्याची भीती असते.

७/ सर्वांत मोठा शत्रू गंज. दांडी म्हटले की मिठाचा सत्याग्रह आठवतो. पण पालघर जिल्ह्यात, बोईसर-तारापूरच्या किनाऱ्यावरही एक दांडी आहे, आणि मीठ तेथील हवेतच आहे. खाऱ्या ओलाव्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो, म्हणून किनाऱ्यावर लोखंड लवकर गंजते. ऑस्टिनला स्वतंत्र सांगाडा होता. फिॲटची पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा. दाराखालचा पत्रा कुजला, की नुसते पुटिंग भरून भागत नाही. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागतो. अन्यथा अपघातात चालकाचा जीव धोक्यात येतो.

८/ या गाड्या धावत कोठे? प्रामुख्याने जुन्या धावपट्ट्यांवर. मद्रासजवळील शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकाळातील धावपट्टी त्यांत सर्वांत प्रसिद्ध. १९८८मध्ये कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८००चे इंजिन वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ घडवली. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीपासून शर्यतीची गाडी, हे सूत्र तेच.

९/ ऑक्टोबर २०२३मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. संस्थानिकांच्या गाड्या संग्रहालयांत जपल्या जातील. हेड किती तासावे हे हाताच्या अंदाजाने सांगणाऱ्या मिस्त्रीचे ज्ञान मात्र कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नाही. आपल्या गावात असा वृद्ध मिस्त्री असेल, तर त्याच्याशी बोला आणि ते लिहून ठेवा. मौखिक इतिहासाचे हे साधन फार काळ उपलब्ध राहणार नाही.