देवी, पॉइंट आणि धबधबे : पालघरच्या एकदिवसीय सहलीमागचा इतिहास

पालघर आणि बोईसर-तारापूर भागातून निघणारी एका दिवसाची सहल बहुतेक वेळा एकाच चाकोरीने जाते. चिल्हार फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठायचा, चारोटीजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे दर्शन घ्यायचे, कासामार्गे चढून जव्हारला पोचायचे, हनुमान पॉइंट आणि राजवाडा पाहायचा, दाभोसा किंवा काळमांडवीचा धबधबा गाठायचा, सूर्यास्ताला सनसेट पॉइंटवर थांबायचे आणि विक्रमगड-मनोरमार्गे अंधार पडता पडता परतायचे. ही ठिकाणे आज एका यादीत बसली असली तरी ती एकाच काळात 'पाहण्याजोगी' ठरलेली नाहीत. देवीकडे लोक शतकानुशतके जात आले. पॉइंट आले ते राजाच्या हौसेतून, विसाव्या शतकात. धबधब्यांचा क्रम सर्वांत शेवटचा.

वाट जुनी आहे. किनाऱ्यावरची बंदरे आणि सह्याद्रीपलीकडचे त्र्यंबक-नाशिक यांना जोडणारा एक मार्ग जव्हारच्या पठारावरून जात असे. किनाऱ्याचा ताबा दीर्घकाळ पोर्तुगिजांकडे होता. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांच्या हवाली केली आणि पुढे केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी त्यांच्या ठाण्यांची ओळ तयार झाली. आतल्या बाजूला महामार्गालगतचा अशेरीगड त्यांनी हट्टाने धरून ठेवला, कारण भोवतालच्या जंगलातील इमारती लाकडावर नजर ठेवायला तो सोयीचा होता. गडावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेली शिळा अजून आहे आणि तिथल्याच गुहेत देवीचे ठाणेही आहे. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा कोट मराठ्यांनी घेतला. त्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई पडली आणि किनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता इथून उठली. सहलीच्या गाड्या मात्र अशेरीच्या पायथ्यावरून न थांबता पुढे जातात. चढ दमवणारा आहे आणि एका दिवसाच्या हिशेबात तो बसत नाही.

विवळवेढ्याची महालक्ष्मी ही या यादीतील सर्वांत जुनी नोंद म्हणावी लागेल. देवीचे मूळ ठिकाण मागच्या उंच सुळक्यावर, मुसळ्या डोंगरावर, असल्याचे मानतात. गरोदर भक्त स्त्रीला डोंगर चढवेना, तेव्हा देवीच पायथ्याशी उतरून आली, अशी कथा आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी देवस्थानांबद्दल अशीच कथा सांगतात, त्यामुळे तिच्यावरून मंदिराचे वय ठरवता येत नाही. तिच्यातून इतके मात्र कळते की डोंगरावरचे ठाणे आणि पायथ्याचे देऊळ ही दोन्ही लोकांच्या मनात आजही एकाच देवीची आहेत.

चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. पौर्णिमेच्या मध्यरात्री सुळक्यावर ध्वज चढवला जातो. तो चढवण्याचा मान वाघाडी गावच्या पुजारी घराण्याचा आणि ध्वज येतो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून. देवी डहाणू तालुक्यात आणि ध्वज जव्हारचा, ही गोष्ट नुसता रिवाज म्हणून सोडून देण्यासारखी नाही. डहाणू ब्रिटिश मुलखात आणि जव्हार संस्थानात, अशी सरहद्द मध्ये पडली तरी देवीचा मुलूख तिने तुटला नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी, किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि व्यापारी असे सगळेच यात्रेला येत. डोंगरातल्या माणसांसाठी ती वर्षाची मोठी खरेदीही असे. पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, भांडी, कापड, मसाल्याचे सामान घरात आले म्हणजे चार महिन्यांची सोय झाली. आज मंदिराच्या दारात सहलीची बस थांबते ती वीस-पंचवीस मिनिटे, यात्रेला येणारी कुटुंबे मात्र मुक्कामाने येत.

याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणले. त्याआधी लग्नाचा चौक सुवासिनीच तांदळाच्या पिठाने लिहीत आणि त्यात पालघाट देवी असे. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. सहलीतले प्रवासी आज वाटेवरच्या दुकानांतून त्या चित्रांचे कप आणि पिशव्या घेतात. त्यावर नाचणाऱ्यांचा तारपा असतो, देवी क्वचितच.

जव्हारचा इतिहास जयबा मुकणे यांच्यापासून सांगतात. एकोणिसाव्या शतकातील ठाणे गॅझेटियरने नोंदवलेल्या दंतकथेनुसार त्यांनी स्थानिक वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, ती मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी वेढली जाईल तेवढी जागा आपली केली. हीच युक्ती भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेजच्या राणीचीही सांगतात. तेव्हा ती इतिहास म्हणून घेण्यात अर्थ नाही. पण जमीन आधी कोणाची होती, हे राजघराण्याच्या कथेनेच कबूल केले आहे, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. जयबांचे पुत्र नेमशहा यांना दिल्लीच्या सुलतानाकडून 'शहा' हा किताब मिळाला. त्याची तारीख ५ जून १३४३ धरतात. दरबाराने त्या दिवसापासून स्वतःचा शक सुरू केला होता आणि गॅझेटियर छापले गेले तेव्हाही, १८८२ साली, तो सरकारी कागदांत वापरला जात होता. तेव्हा दिल्लीत मुहम्मद बिन तुघलक गादीवर होता.

शहराजवळच्या शिरपामाळावर छत्रपती शिवाजी महाराजांचे स्मारक आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीला जाताना महाराज जव्हारच्या वाटेने गेले, तेव्हा राजे विक्रमशहा यांनी माळावर त्यांची भेट घेतली आणि मानाचा शिरपेच अर्पण केला, असे स्थानिक परंपरा सांगते. सुरतेवरची ती स्वारी जानेवारी १६६४ मधली. मार्गदर्शक इथे थांबतो आणि गोष्टही इथेच थांबते. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही : जून १६७२ मध्ये महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांच्या फौजेने विक्रमशहांकडून जव्हार जिंकून घेतले. समकालीन पत्रांत हाती लागलेल्या खजिन्याचा आकडा १७ लाखांचा आहे. त्यानंतर शेजारचे रामनगरचे राज्यही पडले आणि सुरतेचा रस्ता मराठ्यांना मोकळा झाला. परंपरेतली भेट खरी मानली तरी चढाईही खरी. सुरतेच्या वाटेवरचे राज्य मित्राचे असले तरी ते स्वतःकडे असणे अधिक सोयीचे, एवढाच त्याचा अर्थ. पेशवाईत संस्थानाचा बराच मुलूख गेला आणि ब्रिटिश काळात उरले ते सुमारे ३१० चौरस मैलांचे, जंगलाचे आणि गरीब राज्य.

जव्हारला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप आले ते या छोट्या राज्याच्या शेवटच्या काळात. त्याआधीच्या शतकात साहेबांनी महाबळेश्वर आणि माथेरान वसवले होते. ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानवर चढले आणि पुढे तिथल्या प्रत्येक कड्याला पॉइंटचे नाव मिळाले. दरीच्या टोकावर बसून नुसते बघायचे, ही करमणूक त्या वसाहतींतून आली. एरवी कडा म्हणजे गुरे सांभाळायची जागा. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पाचशे मीटर उंच, घाट सौम्य आणि हवा किनाऱ्यापेक्षा बरी. तिथे ही रीत साहेबाने नाही, संस्थानच्या राजाने आणली.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे १९२७ मध्ये लहान वयातच गादीवर आले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते आणि स्वातंत्र्यानंतर खासदार झाले. जयविलास हा पाश्चात्त्य घाटाचा, गुलाबी छटेच्या दगडाचा राजवाडा त्यांच्याच काळातला. शहरातला जुना वाडा कारभाराचा, तर जयविलास निवासाचा आणि दिमाखाचा. नवा वाडा वस्तीपासून बाजूला, दरीकडे तोंड करून उभारला गेला, यातच नजरेतला बदल दिसतो. शहराला पाणी देणारा जयसागर जलाशयही संस्थानी काळाचीच देणगी. नगरपालिका तर त्याहून आधी, १९१८ मध्येच स्थापन झाली होती. एवढ्या लहान संस्थानासाठी हे लवकरच म्हणायचे.

हनुमान पॉइंटवर काट्या मारुतीचे जुने देऊळ आहे. तिथून दरीपलीकडे जयविलास दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर शहापूरकडचा माहुलीचा किल्लाही. मारुती आधीचा, पॉइंट नंतरचा. पश्चिमेचा सनसेट पॉइंट गावाच्या कडेलाच आहे. समोरची दरी धनुष्यासारखी वळलेली आहे आणि क्षितिजावर महालक्ष्मीचा सुळका ओळखू येतो. सकाळी ज्याच्या पायथ्याशी दर्शन घेतले तोच डोंगर संध्याकाळी इथून दिसतो. राजघराणे दर चैत्रात ध्वज कुठे पाठवते हेही इथे उभे राहिल्यावर समजते. बसमधल्या मार्गदर्शकांनी आवर्जून सांगावे असे हे आहे, पण सूर्य बुडताना सगळे मोबाइल सूर्याकडेच वळलेले असतात.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि जव्हार ठाणे जिल्ह्याचा तालुका बनले. त्याच वर्षी राज्यात एस.टी. सुरू झाली. रेल्वे जव्हारला कधीच पोचली नाही. ती १८६४ मध्येच किनाऱ्याने सुरतेहून मुंबईपर्यंत आली होती आणि तिने किनाऱ्याचा गुरुत्वमध्यही हलवला. माहीम हे जुने तालुक्याचे ठाणे मागे पडले आणि स्थानक असलेले पालघर पुढे आले. पुढे १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला एमआयडीसी उभी राहिली आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, उत्तर भारतातून कामगार-कर्मचारी राहायला आले. रविवारची सुट्टी, बांधलेला पगार आणि जवळ गावाचे घर नाही, अशा कुटुंबांमुळे एका दिवसाच्या सहलीला गिऱ्हाईक मिळाले. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय जव्हारला असावे अशी मागणीही झाली होती, पण मुख्यालय पालघरला, रेल्वेच्या बाजूला गेले.

धबधबे पठारावर नेहमीच होते. काळ्या बसाल्टचे आडवे थर, त्यांच्या कडा आणि पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, एवढ्यावर धबधबा तयार होतो. दाभोसाला लेंडी नदी सुमारे ३०० फुटांवरून कोसळते. काळमांडवीची उंचीही जवळपास तेवढीच. तरीही जुन्या प्रवासवर्णनांत आणि सरकारी नोंदींत त्यांना फारसे स्थान नाही. पावसाळ्यात इथले रस्ते बंद पडत आणि नदी ओलांडता येत नसे. ज्या महिन्यांत धबधबा दिसावा त्याच महिन्यांत तिथे पोचणे अशक्य असे. वाड्या-पाड्यांतल्या लोकांना त्या काळात शेतीची आवणी असते, मग बघायला वेळ कोणाला? धबधब्यांना प्रेक्षक मिळाले ते डांबरी रस्ते पाड्यांपर्यंत गेल्यावर आणि छायाचित्र लगेच सगळ्यांना पाठवण्याची सोय खिशात आल्यावर.

या पाण्याची दुसरी बाजू सहलीत कुठे येत नाही. पठाराच्या पोटातून निघालेल्या पिंजाळ आणि सूर्या नद्या वैतरणेला मिळतात. वैतरणेवरच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते, सूर्येचे वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे. जव्हार-मोखाड्याचे अनेक पाडे मात्र मार्चनंतर टँकरची वाट पाहतात आणि दिवाळी उरकली की वीटभट्ट्यांच्या कामासाठी कुटुंबेच्या कुटुंबे खाली उतरतात. १९९२-९३ मध्ये जव्हारमधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. बाहेरच्या बहुतेकांना जव्हार ठाऊक झाले ते याच बातमीने. दाभोसाचे नाव शहरी लोकांच्या तोंडी बसले ते पुढे कधीतरी.

सहलीचा हंगामही देवी, पॉइंट आणि धबधबे या तीन थरांना एकत्र आणत नाही. जुलै ते सप्टेंबरात धबधबे भरून वाहतात, पण तेव्हा महालक्ष्मीला यात्रा नसते आणि सनसेट पॉइंटवर धुकेच असते. सूर्यास्त हिवाळ्यात नीट दिसतो. यात्रा चैत्रात, आणि चैत्रात दाभोसाला पाण्याची बारीक धार उरते. सगळे 'एका दिवसात' पाहण्याचे वचन सहल आयोजक देतात, ते खरे पाहता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांतच कसेबसे पाळता येते.

जुलै २०२० मध्ये काळमांडवीच्या डोहात पाच तरुण बुडाले. टाळेबंदीच्या काळातली ही घटना, छायाचित्र काढताना पाय घसरल्याने घडलेली. त्यानंतर पावसाळ्यात धोक्याच्या धबधब्यांवर जाण्यास प्रशासन मनाई आदेश काढू लागले. आदेश असेल त्या आठवड्यांत बस धबधब्यांकडे वळत नाही. जव्हारच्या बाजारात जेवण, हनुमान पॉइंट आणि कासामार्गेच परतताना पुन्हा महालक्ष्मी, एवढ्यावर सहल आटोपते. मनाई नसेल तेव्हा दाभोसाच्या पायवाटेने माणसांना उतरवण्याचे काम बहुधा गावातले तरुण करतात, कारण कुठला दगड निसरडा आहे आणि पाणी कधी अचानक चढते, हे त्यांना ठाऊक असते.