तुडतुड्यांचा चहा : फॉर्मोसा ऊलाँगच्या गोडव्याचा इतिहास

चहाचे पान खुडल्यावर ते कोमेजत जाते, त्याच्या कडा चुरडतात आणि पेशींतील रस हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात येऊन पान तांबूस होऊ लागते. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. हिरव्या चहात ती उष्णता देऊन आरंभीच रोखली जाते, महाराष्ट्रात दूध घालून उकळल्या जाणाऱ्या काळ्या चहात ती पूर्ण होऊ दिली जाते आणि ऊलाँग चहात ती मध्येच, कारागिराला योग्य वाटेल त्या क्षणी, थांबवली जाते. तैवानच्या वायव्य भागातील शिन्चू परिसरात, विशेषतः बेइपू आणि अमेई या हक्का नावाच्या चिनी समाजाची वस्ती असलेल्या गावांत तयार होणारा ‘पूर्वेची सुंदरी’ या नावाचा ऊलाँग ऑक्सिडीकरणाच्या बाबतीत काळ्या चहाच्या बराच जवळ जातो, आणि साखरेचा कणही न घालता त्याला मधाचा व पिकल्या फळाचा जो स्वाद येतो, त्याचा उगम एका किडीत आणि त्या किडीला मोल मिळवून देणाऱ्या बाजारपेठेत आहे.

तैवानमध्ये चहाची लागवड समोरच असलेल्या चीनच्या फूज्यान प्रांतातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी पूर्वीच सुरू केली होती. तिचे निर्यातप्रधान व्यवसायात रूपांतर झाले ते मात्र 1860 च्या दशकात, तामसुई हे बंदर परकीय व्यापाराला खुले झाल्यानंतर. जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने आपला स्थानिक भागीदार-दुभाषा ली चुन्शेंग याच्या साहाय्याने फूज्यानमधील आन्शी येथून चहाची रोपे आणवली, लागवडीसाठी शेतकऱ्यांना कर्जाऊ रकमा दिल्या आणि कच्चा चहा पक्क्या प्रक्रियेसाठी चीनच्या किनाऱ्यावर पाठवण्याऐवजी तैपेईच्या नदीकाठी तो भाजून पेटीबंद करण्याची व्यवस्था उभी केली. 1869 मध्ये दोन जहाजांतून 2,131 पिकुल, म्हणजे सुमारे 128 टन चहा थेट न्यूयॉर्कला गेला (पिकुल हे सुमारे 60 किलोचे चिनी वजन), आणि ‘फॉर्मोसा ऊलाँग’ (फॉर्मोसा म्हणजे तैवानचेच जुने पाश्चात्त्य नाव) अमेरिकी ग्राहकांच्या परिचयाचा झाला. पुढील काही दशके या चहाचा मुख्य गिऱ्हाईक अमेरिकाच राहिल्याने बेटावरील मळ्यांचे भवितव्य तिथल्या आवडीनिवडीशी बांधले गेले.

या निर्यातीत उन्हाळी खुडीला जे महत्त्व आले, त्याचे कारण म्हणजे हिरवे तुडतुडे. सुमारे तीन मिलिमीटर लांबीची ही कीड कोवळ्या पानांत सोंड खुपसून रस शोषते. कापूस पिकवणाऱ्या मराठी शेतकऱ्याला तिचे भाऊबंद चांगलेच ठाऊक आहेत. तुडतुडे लागलेला कोंब खुरटतो, पिवळसर पडतो आणि उत्पन्न घटते. चहाच्या झाडात मात्र या दंशाची प्रतिक्रिया म्हणून काही सुगंधी संयुगे वाढतात, त्यांपैकी हॉट्रिएनॉल हे प्रमुख मानले जाते, आणि अशा पानांचे ऑक्सिडीकरण पुरेसे पुढे नेले तर त्यांतून मध व फळांचा गंध प्रकट होतो. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहरातील चहाला द्राक्षासारखा जो वास येतो, त्यामागेही तुडतुड्यांचा असाच वाटा असल्याचे दिसते.

तुडतुडे लागलेल्या पानांचा चहा प्रथम विकायला कोणी नेला, याची नोंद नाही. आख्यायिका मात्र आहे. किडीने खाल्लेला चहा फेकून न देता एका शेतकऱ्याने तो बनवून शहरात नेला, त्याला चढा भाव मिळाला आणि गावात परतल्यावर त्याच्या बोलण्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही, म्हणून त्या चहाला ‘बढाईचा चहा’ हे नाव पडले, असे सांगतात. इंग्लंडच्या राणीने त्याचे ‘पूर्वेची सुंदरी’ असे नामकरण केले, ही दुसरी कथा अधिक संशयास्पद आहे, कारण ती राणी कोणी व्हिक्टोरिया सांगतो तर कोणी एलिझाबेथ. आख्यायिका बाजूला ठेवली तरी तिच्यामागील आर्थिक वास्तव उरतेच : डोंगरउतारावर थोडी जमीन कसणाऱ्या कुटुंबाला एक खुडही वाया घालवणे परवडत नव्हते.

1895 मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेल्यावर या चहाला शासकीय पाठबळ मिळाले. 1903 मध्ये चहा-संशोधनाचे केंद्र स्थापन झाले, तर 1904 च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनात फॉर्मोसा चहाचे दालन उभारण्यात आले. तथापि भारत आणि सिलोन येथील मळ्यांचा स्वस्त, यंत्रावर तयार होणारा काळा चहा अमेरिकेत वरचढ ठरत गेला. खुद्द जपानी प्रशासनाने 1925 मध्ये आसामी जातीचे बियाणे आणवून मध्य तैवानात काळ्या चहाची लागवड सुरू केली. निर्यातीचा आधार ओसरल्यावर शिन्चूचा ऊलाँग पुन्हा उभा राहिला तो मुख्यतः विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, तैवानमधील सुस्थित ग्राहक आणि गुणवत्तास्पर्धा यांच्या बळावर.

या स्पर्धांतील परीक्षा कठोर असते : 3 ग्रॅम पानांवर 150 मिलिलिटर उकळते पाणी ओतून सुमारे पाच मिनिटे ठेवतात, म्हणजे कडवटपणा, धूर, शिळेपणा असा कोणताही दोष लपत नाही. परीक्षक आधी पांढरी लव असलेल्या कळ्यांचे प्रमाण पाहतो, ओल्या पानांचा वास घेतो आणि मग चमच्यातील चहा हवेसह जोराने ओढून जिभेवर पसरवतो, जेणेकरून गंध नाकाच्या मागील पोकळीपर्यंत पोचावा. घरी पिण्यासाठी पाणी उकळीच्या थोडे खाली, 85 ते 90 अंश सेल्सिअसला ठेवणे आणि वेळ कमी करणे श्रेयस्कर, कारण एक कळी व दोन पाने अशी ही कोवळी खुड फार तापलेल्या पाण्यात तुरट होऊ शकते. अंबरी रंगाचा काढा उतरला की तीच पाने आणखी दोन-तीन वेळा वापरता येतात.

दंशाशिवाय हा स्वाद येत नसल्याने शेतकऱ्याला खुडीपूर्वी कीटकनाशक फवारता येत नाही, आणि दंश अति झाला तर कोंबच वाढत नाही. त्यामुळे तो पिकाचा काही हिस्सा जाणूनबुजून गमावतो आणि उरलेल्या पानांतून त्याची भरपाई करतो. हा व्यवहार टिकतो तो कमी पण चांगल्या चहासाठी जादा किंमत मोजणारा गिऱ्हाईक असेपर्यंत. एकोणिसाव्या शतकात असा गिऱ्हाईक न्यूयॉर्कमध्ये होता, आज तो प्रामुख्याने तैवानमध्येच आहे, आणि या चहाचा इतिहास हा अशा गिऱ्हाइकांच्या येण्या-जाण्याचाच इतिहास ठरतो.